भाडं शेवटी ठरव

प्रिय मुली,

वाकडच्या वन आरकेचे (एक खोली आणि स्वयंपाकघर) फोटो पाहिले. ओटा कडाप्प्याचा आहे, उजेड भरपूर आहे, बाल्कनीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. घर वाईट नाही. पण खाली तू लिहिलंयस, "काका, पगार ३५, भाडं १४, म्हणजे ४० टक्के. जरा जास्त आहे, पण जमेल ना? ब्रोकर संध्याकाळपर्यंत टोकन मागतोय." एवढ्याशा मजकुरात तीन चुका आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच. भाडं तू आधी ठरवलंस आणि उरलेला महिना त्याच्या भोवती बसवायला निघालीस.

भाडं शेवटी ठरवायचं. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाच.

पहिली चूक ३५ ची. हा आकडा ऑफर लेटरवरच्या वार्षिक ४ लाख २० हजारांना बाराने भागून आलाय. तू पाठवलेली पगाराची चिठ्ठी नीट बघ. त्या ३५,००० मधले २,५०० व्हेरिएबल आहेत, म्हणजे कामगिरीवर अवलंबून, ते वर्षाअखेरीला मिळाले तर मिळाले. १,८०० कंपनीच्या वाट्याचा पीएफ, साधारण ८४० ग्रॅच्युइटीची तरतूद, ३६० गटविम्याचे. उरले २९,५००. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. खात्यावर येतात २७,५००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा शंभर आणखी कमी. यापुढे ३५ हा आकडा तोंडातून काढू नकोस. घरमालक ३५ ऐकतो आणि तू ३५ मानतेस, पण बँकेला फक्त २७,५०० माहीत आहेत.

चिठ्ठीवर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, दिसतो म्हणून तेवढं भाडं परवडतं, असाही एक समज आहे. एचआरएची करसवलत जुन्या करपद्धतीत मिळते. तुझ्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत तसाही कर लागत नाही. त्यामुळे त्या रकान्याचा आणि तुझ्या घराचा काही संबंध नाही. विसर तो.

दुसरी चूक टक्क्यांची. 'पगाराच्या ३० टक्के भाडं' हे जे सगळे सांगत फिरतात ते कुठून आलं, माहीत आहे? अमेरिकेतून. तिथल्या सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांसाठी १९६९ साली कायद्याने ठरवलं, की भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही. १९८१ मध्ये ते ३० केलं. उरलेला भार सरकार उचलत होतं. तुझा कोण उचलणार? आणि टक्का सगळ्यांना सारखाच कापतो. २७,५०० कमावणाऱ्या ज्या मुलीला घरी एक पैसा पाठवायचा नाही, तिचे ३० टक्के आणि तुझे ३० टक्के एक नाहीत. भाडं वजाबाकीतून काढायचं. वजाबाकी महिन्याच्या बाकी सगळ्या देण्यांची, आणि भाडं सगळ्यात शेवटी.

करून दाखवतो. आकडे तूच वेगवेगळ्या फोनवर मला दिलेले आहेत.

२७,५०० मधून आधी घरी पाठवायचे ४,०००. हे तू 'जमलं तर' या रकान्यात टाकलं होतंस. मी पहिल्या ओळीत टाकतोय. उदगीरला त्यावर भावाचा क्लास चाललाय, तो भाड्यासाठी थांबणार नाही.

मग शैक्षणिक कर्ज. दोन लाखांचं आहे, आणि 'अजून हप्ता सुरू नाही' म्हणून तू ते हिशेबातच धरलेलं नाहीस. कोर्स संपल्यावर साधारण एक वर्षाची सवड असते. तुझी जूनमध्ये संपते, आणि सवडीच्या काळातही व्याज चढत राहतं. दहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता ३,३०० च्या आसपास. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट तू आज करशील आणि हा हप्ता त्याच्या मधोमध येऊन बसेल. म्हणून आजच वजा कर.

जेवण ५,०००. मेसचा दोन वेळचा डबा, सकाळचा नाश्ता, ऑफिसचा चहा, आणि रविवार संध्याकाळ. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे पुण्यात नवीन आलेल्यांच्या बजेटमध्ये कधीच नसतं. महिन्याला चार-पाच वेळा बाहेर खाणं त्यातून येतं.

स्कूटर १,५००. ऑफिस हिंजवडीत, एका बाजूला १४ किलोमीटर धरले तर महिन्याच्या २४ दिवसांचे ६७२ किलोमीटर होतात. लिटरला ४५ चं ॲव्हरेज मिळालं तर पंधरा लिटर पेट्रोल. सर्व्हिसिंग यात नाही, ते बचतीतून होईल. फोनचं रिचार्ज ३५०. साबणापासून औषधांपर्यंत आणि कपड्यांपासून वाढदिवसापर्यंत सगळं १,५०० मध्ये. गावी जाण्याचे वर्षाचे ९,६००, म्हणजे महिन्याला ८००. एसटीत तुला अर्धं तिकीट आहे हे खरं, पण दिवाळीत एसटीचं आरक्षण मिळत नाही आणि खाजगी बसवाले तोंडाला येईल तो दर सांगतात. शेवटी बाजूला टाकायचे २,५००. याला बचत म्हणू नकोस, नाहीतर पहिली कात्री इथेच लावशील. आजारपणाची आणि नोकरी गेली तर दोन महिने तग धरायची ही सोय आहे.

बेरीज १८,९५०. उरले ८,५५०.

आता नीट ऐक. हे ८,५५० 'भाडं' नाही. हा राहण्याचा सगळा खर्च आहे. भाडं, लाइट, गॅस, पाणी, वायफाय, दलाली, ॲग्रीमेंट, सगळं याच्या पोटात बसलं पाहिजे.

तुझ्या १४,००० च्या घराला हाच गज लाव. दलाली एक महिन्याचं भाडं, ती अकरा महिन्यांवर पसरली तर महिन्याला १,२७०. ॲग्रीमेंटचा खर्च तुझ्यावर टाकलाय: मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज, या बेरजेचा पाव टक्का, तुझ्या बाबतीत ४००, आणि नोंदणी शुल्क शहरात १,०००. म्हणजे महिन्याला १३० (एजंटची फी सोडून). लाइट ७००, वायफाय ६००, गॅस आणि पाण्याचे जार मिळून ४००. झाले १७,१००. तुझ्याकडच्या ८,५५० च्या नेमके दुप्पट. हा योगायोग मी जुळवलेला नाही, बेरीज तूही करून बघ.

'मी थोडी काटकसर करीन,' असं तू म्हणशीलच. कशात? आमटीत पाणी वाढवता येतं, भाड्यात नाही. महिन्यातला हा एकच खर्च असा आहे की पाच तारखेला पूर्ण द्यावा लागतो, अर्धा चालत नाही. मग कात्री बाकी सगळ्यावर फिरते. पहिल्या महिन्यात बाजूला टाकायचे थांबतात, तिसऱ्या महिन्यात घरी 'पुढच्या वेळी पाठवते' असा फोन जातो, आणि सहाव्या महिन्यात क्रेडिट कार्डावर किराणा येतो. हा क्रम फारसा चुकत नाही. मला हे कळायला फार उशीर झाला. त्यात जे गेलं ते इथे उगाळत बसत नाही, पण माझा हट्ट कुठून येतो हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

तिसरी चूक पहिल्या दिवसाची. तीन महिन्यांचं डिपॉझिट ४२,०००, दलाली १४,०००, आगाऊ भाडं १४,०००, ॲग्रीमेंट १,४००, गादी-बादली-शेगडी मिळून ७,०००. एकूण ७८,४००. तुझ्या खात्यात ३८,००० आहेत. उरलेल्या ४०,४०० साठी 'ॲपवरून लोन मिळतंय' हे तुझं वाक्य मी वाचलं आणि फोन बाजूला ठेवून दिला. डिपॉझिट हे घरमालकाकडे बिनव्याजी पडून राहणारे पैसे आहेत. ते व्याजाने आणायचे? आणि त्या कर्जाचा हप्ता ८,५५० मधूनच जाणार.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर नको असं आहे, हेही तू पाठवलं होतंस. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय ते लागू होत नाही. ब्रोकरला दाखवू नकोस, हसेल. दोन महिन्यांवर आणायचं असेल तर दोन महिने रिकाम्या पडलेल्या घराच्या मालकाशी बोल, तो ऐकतो.

मग करायचं काय? पीजीत दहाला दार लावतात आणि एका खोलीत तिघी आहात, हे मला मान्य आहे. तिथेच कुढत राहा असं मी म्हणत नाही. तुझ्याच ऑफिसातल्या दोघी टू बीएचके बघतायत ना, २२,००० चा? तिघींत भाडं ७,३३३. दलालीचा वाटा ६६७, लाइट-वायफाय-गॅसचा ६००. झाले ८,६००. पन्नास रुपये वर गेले, ते मी सोडतो. सुरुवातीचे पैसे ३७ हजारांच्या थोडे वर, म्हणजे खातं जवळजवळ रिकामं होतं. म्हणून लगेच नको.

तीन महिने आहेस तिथेच थांब आणि एक कर. पीजीला तू लाइट-वायफाय धरून ७,५०० देतेस. वन आरके १७,१०० ला पडणार होता. फरक ९,६००. पगार होईल त्याच दिवशी हे ९,६०० आईच्या नावच्या खात्यात टाक आणि समज की तू वाकडला राहायला गेलीस. वीस तारखेच्या आत त्यातले मागून घ्यावे लागले तर उत्तर तुझं तुला मिळालं. मागावे लागले नाहीत तर तीन महिन्यांत २८,८०० जमले, आणि मग टू बीएचकेत जाताना खातं कोरडं होणार नाही.

तिघी मिळून घेणार असाल तर ॲग्रीमेंटमध्ये तिघींची नावं घाला. एकीच्याच नावावर असेल तर बाकी दोघी सोडून गेल्यावर २२,००० ची जबाबदारी तिची. आपसात लिहून ठेवा, की जी सोडेल तिने बदली मुलगी आणायची किंवा एक महिन्याचा वाटा सोडायचा. मैत्रिणीच असता, म्हणूनच लिहा.

ॲग्रीमेंट नोंदलेलंच हवं. पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हण. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच आपलं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, लेखी आणि नोंदणीकृत असलं पाहिजे आणि ते करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. सही करण्याआधी चार गोष्टी वाच. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिटमधून 'रंगकामापोटी' काय कापणार, आणि अकरा महिन्यांनंतर वाढ किती टक्के. वाढ दहा टक्के असेल तर आजचा हिशेब पुढच्या वर्षीच्या भाड्यावर करून बघ. तुझा पगार दहा टक्के वाढेलच असं कुणी लिहून दिलंय? सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारा आकार, मालकाचा असतो, आणि तोही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरताच. तो तुमच्यावर ढकलला जातोय का, एवढं बघा.

घर बघायला गेलीस की बाथरूमची टाइल नंतर बघ. आधी महावितरणचं मागचं बिल माग. त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक ऑनलाइन टाकला की थकबाकी दिसते. सबमीटर, म्हणजे मालकाने स्वतः लावलेला वेगळा मीटर, असेल तर युनिटचा दर विचार. कमी वापराला महावितरणचा दर कमी असतो, सबमीटरवाला मालक मात्र सरसकट एकच चढा दर लावतो. मग वॉचमनला विचार, एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात आणि त्याचे पैसे भाडेकरूंकडून वेगळे घेतात का. त्या भागात हा प्रश्न विचारल्याशिवाय भाडं किती हे कळतच नाही.

आणि लांबचं स्वस्त घर बघणार असशील तर आठ किलोमीटर लांब म्हणजे येऊन-जाऊन रोजचे सोळा, महिन्याचे ३८४, पेट्रोल साडेआठ लिटर. भाड्यात हजार रुपये वाचले तर त्यातले नऊशे पेट्रोलमध्ये गेले आणि पावसाळ्यातला रोजचा तास वर गेला. हजारासाठी लांब जाऊ नकोस, तीन हजारांसाठी विचार कर.

तू म्हणशील, काका सगळं कमी करायलाच सांगतात. सांगतो. तुझ्या वयाच्या मुलीने एकटं, स्वतःच्या किल्लीने दार उघडून राहावं, ही इच्छा मला कळत नाही असं नाही. ८,५५० चे १७,१०० होतील तेव्हा तो वन आरके घे, मी येऊन पडदे लावून देईन. कर्जाचा हप्ता फिटला, भावाचा क्लास संपला की सात हजार तिथेच मोकळे होतात, पगार न वाढता. पण आजचं भाडं आजच्या वजाबाकीतून येणार. यावर मी हटून बसलो तर बसू दे.

ब्रोकरला संध्याकाळी फोन करून सांग, टोकन देत नाही. 'दुसरी पार्टी तयार आहे' असं तो म्हणेल. असू दे. मग त्या दोघींना गाठ, टू बीएचकेचं लाइट बिल माग, आणि बिलाचा फोटो मला पाठव.

कळावे,
काका