कॅसेटवाल्या काकांना विचारा : खजिन्याच्या मागे लागलेली पोरं

प्रश्न : भाऊ, नव्वद सालाच्या आसपास आमचा मुलगा तुमच्या दुकानातून एक इंग्रजी कॅसेट सारखी आणायचा. माळ्यावर नकाशा सापडतो, पोरं भुयारात शिरतात, मागे चोर लागतात, शेवटी जहाज. आता त्याला ती आपल्या आठ वर्षांच्या मुलाला दाखवायचीय, पण नाव कोणालाच आठवेना. आणि या वयाला चालेल का? (एक आजी, दौलतगंज, ग्वाल्हेर)

उत्तर : वहिनी, तो ‘द गूनीज’. साल 1985. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, कथा स्टीव्हन स्पीलबर्गची, पटकथा ख्रिस कोलंबसची. हा कोलंबस म्हणजे पुढे हॅरी पॉटरचे पहिले दोन सिनेमे करणारा. आपल्या लष्कर भागातल्या पोरांनी ती कॅसेट इतकी घासली होती की मधल्या भागात चित्राला पावसाच्या रेघा यायच्या. आणि परत यायची ती कधीच रिवाइंड न करता!

चालेल. फक्त मुलाला टीव्हीसमोर बसवून सगळे आपापल्या कामाला, असं नको. फ्रीजरमध्ये प्रेत आहे, सांगाडे आहेत, पोरांच्या तोंडी शिव्या आहेत. चोरांच्या टोळीची म्होरकी त्यांची आईच. चंक नावाच्या गुबगुबीत पोराला बोलतं करायला ती मंडळी त्याचा हात मिक्सरपाशी नेतात. तिथे मूल बिचकतं. बापाने शेजारी बसावं, तेवढं पुरतं.

मला स्वतःला खुपतो तो निराळाच प्रसंग. चंक मित्राच्या फाटकाशी येतो, तर बाकीचे त्याला सदरा वर करून पोट हलवून दाखवायला लावतात, मगच फाटक उघडतं. तेव्हा आमच्या दुकानात यावर हसून हसून पुरेवाट व्हायची. आज तुमच्या नातवाच्या वर्गातही असा एक जाडा मुलगा असेलच, तेव्हा बापाने तिथे हसू नये. गंमत अशी की सिनेमातली सगळ्यात खरी मैत्री याच चंकची आहे. तळघरात साखळीने बांधलेला, वेड्यावाकड्या चेहऱ्याचा स्लॉथ त्याला भेटतो, आणि हा घाबरता घाबरता आपल्याजवळचं चॉकलेट त्याच्याकडे टाकतो. बाकी खजिनाबिजिना ठीक आहे हो. सिनेमा मनात राहतो तो या दोघांमुळे.

प्रश्न : काका, ते जहाज खरं होतं की मॉडेल? आणि शेवटी तो यंत्रवाला पोरगा ऑक्टोपसचं काय सांगतो? आम्हाला तर कुठे दिसला नाही. (नई सडक)

उत्तर : मॉडेल नाही. पूर्ण आकाराचं जहाज स्टुडिओत, पाण्याच्या हौदात बांधलं होतं. डॉनरने शूटिंगच्या दिवसापर्यंत पोरांना ते बघूच दिलं नाही. पाण्यातून वर येऊन वळतात तेव्हाचे ते चेहरे म्हणून तसे. मात्र पहिल्याच वेळी कोणाच्या तरी तोंडून शिवी निघाली आणि परत घ्यावं लागलं, असं सांगतात.

ऑक्टोपसचा प्रसंग चित्रित झाला होता, नंतर कापला. त्याचा उल्लेख करणारा संवाद मात्र राहून गेला. तो यंत्रवाला पोरगा म्हणजे के ह्वी क्वान. पुढे बरीच वर्षं कामाविना गेली, आणि 2023 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. ज्या सिनेमासाठी मिळालं त्याचा करार कोणी करून दिला? चंकने! तो मोठा होऊन वकील झालाय.

प्रश्न : आपल्या किल्ल्यात पण खजिना आहे का? बाबा म्हणतात काकांना विचार. (इयत्ता चौथी, लष्कर)

उत्तर : होता, बाळा, आणि त्याची गोष्ट सिनेमापेक्षा काही कमी नाही. शिंद्यांच्या खजिन्याला गंगाजळी म्हणायचे. तो किल्ल्याच्या पोटात, गुप्त कोठड्यांत. वाट सांगणारी खूण म्हणजे बीजक, ते फक्त महाराजांना ठाऊक. 1858 नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, 1886 मध्ये परत मिळाला, आणि त्याच वर्षी जयाजीराव महाराज वारले. त्यांचे चिरंजीव माधवराव तेव्हा नऊ वर्षांचे, म्हणजे जवळपास तुझ्याच वयाचे. बीजक सांगायचं राहूनच गेलं. पुढे माधवरावांना खजिन्याचा काही भाग सापडला, असं सांगतात. सगळा सापडला का, यावर महाराज बाडा चौकातल्या म्हाताऱ्यांना भांडायला लावायचं असेल तर एवढा एक प्रश्न पुरे.

खणायला मात्र जाऊ नकोस, पुरातत्त्व खात्याचे लोक कान धरतील. त्यापेक्षा बाबांना म्हण, किल्ल्यावरचा मानमंदिर महाल दाखवा. त्याचे दोन मजले जमिनीखाली आहेत, उतरायला अरुंद जिने, आणि वटवाघळांचा वास. टॉर्च घेऊन जा. आणि उरवाई दरवाजाकडून गाडीने नको, ग्वाल्हेर दरवाजाने पायी चढा. बाबा वाटेत थांबून धापा टाकतील, तेवढ्यात तू पुढचा दरवाजा गाठशील.