निफाडच्या बागायतदाराच्या हृदयाविषयी

गंगापूर रोड, नाशिक

चि. डॉक्टर हिस अनेक आशीर्वाद.

निफाडच्या त्या द्राक्षबागायतदाराविषयीचे तुझे पत्र दोनदा वाचले. रक्तदाब दहा वर्षांपासून, आज १६८/१०२, गोळ्या दोन वर्षे बंद, आणि कारण एकच, ‘मला काही त्रासच होत नाही.’ तू रागावलीस हे समजले. पण तो खोटे बोलत नाही. तो त्रास आज त्याचे हृदय सोसते आहे, आणि ते कसे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगता आले तरच तो ऐकेल.

डाव्या निलयाला, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला, महाधमनीतील (शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीतील) दाबाविरुद्ध दिवसातून सुमारे एक लाख वेळा रक्त ढकलावे लागते. दाब चढा राहिला की भिंतीवरचा ताण वाढतो, आणि लाप्लासच्या नियमाप्रमाणे भिंत जाड झाली तर तो ताण अधिक स्नायूवर वाटला जातो; म्हणून स्नायूपेशी रुंदावतात आणि एरवी एक सेंटिमीटरपर्यंत असणारी भिंत सव्वा-दीड सेंटिमीटरची होऊ शकते. पैलवानाला तालमीनंतर विसावा असतो. या स्नायूवरचा भार झोपेतही पुरता उतरत नाही. शिवाय वाढलेल्या स्नायूच्या प्रमाणात केशवाहिन्या वाढत नाहीत, पेशींच्या मध्ये कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू साठतात, आणि भिंत जाड तर होतेच, पण ताठही होते.

हा ताठपणा ओळखण्यात मी स्वतः चुकलो आहे. उमेदीच्या काळात पंचवटीतल्या एक साठीच्या बाई माझ्याकडे येत. जिना चढताना धाप लागे, रात्री उशा वाढवून निजावे लागे. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इजेक्शन फ्रॅक्शन (भरलेल्या निलयातले किती रक्त दर ठोक्याला बाहेर पडते ते प्रमाण) ६० टक्के आले, तेवढ्यावर ‘हृदय उत्तम आहे’ असे सांगून मी त्यांना कित्येक महिने दम्याची औषधे दिली. त्यांचे हृदय रक्त बाहेर टाकण्यात कमी पडत नव्हते; ते सैल होऊन भरून घेण्यात कमी पडत होते. ताठ निलय भरण्यासाठी डाव्या अलिंदाला, म्हणजे त्याच्या वरच्या कप्प्याला, अधिक दाब द्यावा लागतो, तो दाब मागे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत पोहोचतो आणि धाप लागते. अहवालात अलिंद मोठे झाल्याचे लिहिलेले होते. मी ती ओळ वाचून पुढे गेलो होतो. आज माझी नजर आधी तिथे जाते.

ताणलेल्या अलिंदाचा ताल बिघडून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे त्याची अनियमित फडफड, सुरू झाले, तर आत साकळलेली गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. आणि उपचाराविना वर्षे गेली, तर काहींचे निलय अखेरीस पसरून क्षीणही होते.

तेव्हा त्याचा ईसीजी सामान्य आला म्हणून निश्चिंत होऊ नकोस. जाड झालेली भिंत त्यात पुष्कळदा दिसतच नाही. स्टेथोस्कोप लावण्याआधी छातीवर तळहात ठेव. हाताला उचलून धरणारा, रेंगाळणारा ठोका लागला तर बरेच कळेल. इको करून घे आणि भिंतीची जाडी व अलिंदाचा आकार स्वतः वाच. रक्तदाब मोजताना त्याला पाच मिनिटे शांत बसव, दंडाच्या मापाचा पट्टा वापर. घाईत घेतलेल्या आकड्यावर मी कोणाचीही गोळी वाढवत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. तेव्हा पापड-लोणच्याचे त्याच्या घरच्यांशी बोल.

एक गोष्ट त्याला आवर्जून सांग. रक्तदाब आटोक्यात राहिला तर काही महिन्यांत किंवा वर्षांत भिंतीची जाडी कमी होऊ शकते. तंतू मात्र तितक्या सहज विरत नाहीत, म्हणून उशीर नको. ‘एकदा सुरू केली की गोळी जन्मभर लागते’ ही त्याची भीती ध्यानात घे, तिला हसू नकोस; गोळी कोणाचे काम हलके करते, ते इकोच्या चित्रावर बोट ठेवून दाखव.

द्राक्षवेलींची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) सुरू झाली की तो बागेतून हलणार नाही. त्याआधीच त्याला बोलाव, आणि बायकोलाही सोबत आणायला सांग.

तुझा,
सर