मशीनमध्ये शून्य, तरी पोरगा आत?

प्रश्न : वकीलताई, परवा रात्री पुण्यात नाकाबंदीला भाच्याची गाडी थांबवली, मशीनमध्ये फुंकलं तर शून्य आलं, पण डोळे लाल आणि गाडीत गांजाचा वास म्हणून त्याला धरून नेलं. दारूच नाही तर केस कशी होते?

उत्तर : होते की! ती मशीन फक्त दारू पकडते, गांजा तिला कळतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ असा आकडा आहे, ड्रग्जला तसा आकडा नाही, नशेमुळे गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता हे दाखवावं लागतं, म्हणून डॉक्टरांचा कागद फार महत्त्वाचा, जीभ अडखळत होती का, तोल जात होता का, डोळ्यांच्या बाहुल्या कशा होत्या वगैरे. अटकेपासून २ तासांत तपासणी झाली नाही तर कलम २०२ प्रमाणे सोडावं लागतं, तेव्हा कागदावरच्या दोन्ही वेळा आधी बघा. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडीत पुडी सापडली असेल तर मात्र एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची, वेगळी केस, खरा ताप तोच. आणि हो, ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावत बसू नका, आधी वकील गाठा.