एकाच संकेतस्थळावर पीएचपी आणि जँगो

प्रश्न : आमच्या आडत दुकानाचे संकेतस्थळ पीएचपी या भाषेत, अपाचे या वेब सर्व्हरवर आहे. सोयाबीनच्या भावांचा नवा विभाग मुलाने जँगो या पायथन भाषेतील फ्रेमवर्कमध्ये लिहिला. दोन्ही एकाच पत्त्यावर चालतील का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : अवश्य चालतील, चालते काम मोडून सारे नव्याने लिहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ८० आणि ४४३ हे पोर्ट (सर्व्हरवर मागण्या येण्याचे क्रमांकित मार्ग) एंजिनएक्स या पुढे राहून मागण्या वाटून देणाऱ्या वेब सर्व्हरकडे द्यावेत, अपाचे ८०८० वर हलवावा आणि भावांच्या पानांची मागणी तेवढी ८००० वरील जँगोकडे वळवावी. खरी अडचण लॉगिनची आहे, कारण पीएचपी आपले सेशन (लॉगिन केलेल्या वाचकाची नोंद) सहसा स्वतःच्या पद्धतीने फायलींत ठेवते आणि जँगोला ते परस्पर वाचता येत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला दोनदा पासवर्ड द्यावा लागतो. त्यावर उपाय म्हणून दोन्हीकडे तपासता येईल असे स्वाक्षरीयुक्त टोकन (ओळख पटवणारी डिजिटल खूण) कुकीत, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो त्या छोट्या नोंदीत, ठेवावे.