निकाल झाकून पेपर वाचा

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असून माझा विषय बालआरोग्य परिचर्या हा आहे. विभागातील जर्नल क्लबचे, म्हणजे एखादा प्रसिद्ध शोधनिबंध (पेपर) वाचून त्यावर चर्चा करण्याच्या तासाचे, संयोजन या सत्रापासून माझ्याकडे आले आहे. एक जण स्लाइड वाचते, बाकीच्या नाइट ड्युटीची झोप काढतात आणि शेवटी मॅडम दोन प्रश्न विचारतात. मला पुढे अध्यापनातच जायचे आहे. या तासात रस कसा निर्माण करावा?

उत्तर : डुलक्या घेणाऱ्या मैत्रिणींना मी फारसा दोष देणार नाही. पेपर एकीनेच वाचलेला असतो आणि इतरांना त्याचा निष्कर्ष पडद्यावर आयता मिळणार असतो, अशा तासात जागे राहण्याचे कारणच उरत नाही. म्हणून निकाल झाकून ठेवा. दोन दिवस आधी सर्वांना पेपरमधील प्रस्तावना आणि अभ्यासपद्धती एवढीच पाने द्या व तासाच्या आरंभी प्रत्येकीचा अंदाज कागदावर लिहून घ्या; एकदा आपला अंदाज लेखी दिला की तो खरा ठरतो का, हे पाहावेसे वाटतेच.

तुमच्या विषयासाठी डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला गडचिरोलीचा पेपर घ्या. त्यात ३९ गावांतील नवजात बालकांना प्रशिक्षित गावकरी आरोग्यसेविकांनी घरीच सेवा दिली, प्रसंगी सेप्सिसवर (शरीरभर पसरणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गावर) इंजेक्शनही दिले, आणि तुलनेसाठी ४७ गावे होती. इथे थांबून विचारा : गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नसताना ही तुलना कितपत भरवशाची? नवजात मृत्युदर किती घटला असेल? मग ६२ टक्क्यांची घट दाखवा. चर्चा खरी रंगते ती पुढच्या आकड्यावर. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के (१६३ रुग्ण) होते, ते नंतर २.८ टक्के (७१ रुग्ण) झाले. ही आधीची आणि नंतरची तुलना आहे. शिवाय निदान लक्षणांवरून केलेले. मग सारे श्रेय इंजेक्शनला द्यायचे की त्याच काळात घरी मिळू लागलेल्या इतर काळजीलाही, यावर दोन गट पाडून वाद घालू द्या. शेवटची दहा मिनिटे मात्र आपल्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या कमी वजनाच्या बाळाच्या आईला आपण नेमके काय सांगतो, यासाठी राखून ठेवा. घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आहे, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषा आणि बक्षिसे यांच्या मागे फार लागू नका. त्यांची नवलाई दोन आठवड्यांत ओसरते. चहा-नाश्त्याची सोय मात्र जरूर करा. अमेरिकेतील निवासी डॉक्टरांच्या जर्नल क्लबच्या १९९५ मधील एका सर्वेक्षणात, दीर्घकाळ टिकलेल्या क्लबांच्या वैशिष्ट्यांत सक्तीची उपस्थिती आणि चिकित्सक वाचनाचे रीतसर शिक्षण यांच्या जोडीने खाण्याची सोयही आढळली होती.

आता अध्यापनाविषयी. केवळ जर्नल क्लब चालवल्याने नोकरी मिळत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. पण प्रत्येक तासानंतर कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, कोणत्या टप्प्यावर मुली गप्प झाल्या आणि पुढच्या वेळी तुम्ही काय बदलले, याची वही ठेवलीत, तर मुलाखतीत ‘तुम्ही कसे शिकवता’ या प्रश्नाला तुमच्याकडे अनुभवाचे उत्तर असेल, आणि त्या अनुत्तरित प्रश्नांतूनच पुढे पीएच.डी.चा विषय निघण्याची शक्यताही मोठी आहे.

पहिले दोन-तीन तास कदाचित अवघडलेल्या शांततेत जातील. त्या शांततेत मॅडमनीच उत्तर देऊन टाकू नये, म्हणून सुरुवातीची पंधरा मिनिटे केवळ ऐकण्याची विनंती त्यांना आधीच भेटून करून ठेवा.