गाडीचे सवाल-जवाब : जेट बदलायचाय, पण कुठला?

प्रश्न : काका, वडिलांची १९८८ ची बुलेट ३५० आहे, मिककार्बचा व्हीएम २४ कार्बोरेटर. मी फ्री फ्लो सायलेन्सर बसवला आणि फिल्टरचा डबा काढून छोटा कोन फिल्टर लावला. तेव्हापासून रेस सोडली की सायलेन्सर फटाके फोडतो, सिग्नलला गाडी बंद पडते, प्लग पांढराफटक निघतो. मेकॅनिक म्हणतो सोलापूरचं ऊन लई, त्यानं गाडी लीन होते (म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी), मेन जेट ९० चा ११० करू, नाहीतर आहे त्यालाच बारीक ड्रिल मारू. करू का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ड्रिल अजिबात नको. जेट म्हणजे कार्बोरेटरमधनं पेट्रोल मोजून सोडणारा पितळेचा तुकडा, नंबर मोठा तेवढं भोक मोठं. पण ते नुसतं भोक नाही हो, पेट्रोल शिरतं तिथलं तोंड कसं तासलंय, आतनं किती गुळगुळीत आहे, त्यावर किती पेट्रोल जाणार ते ठरतं. ड्रिल मारलं की वरचा नंबर खोटा, आणि उद्या दुसरा कुणी उघडेल तो ९० वाचून डोकं धरून बसेल. आणि ११० तर ५०० सीसी बुलेटच्या मोठ्या कार्बोरेटरचा मेन आहे, ३५० ला एकदम तेवढी उडी कशाला?

आता खरं सांगू का, तुमची तक्रार मेन जेटची नाहीच. मेन जेटचं राज्य सुरू होतं रेस पाऊणच्या पुढे गेल्यावर, आणि सात रस्त्यावरनं नवी पेठेत जाताना पाऊण रेस कोण देतं? रेस बंद असते तिथपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, मग पावपर्यंत स्लाइडचा (रेस दिली की कार्बोरेटरात वर उचलला जातो तो दट्ट्या) खालचा कापलेला भाग, पाव ते पाऊण निडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली सुई, आणि ती ज्यात वरखाली होते तो निडल जेट, आणि राहिलेलं मेनचं. एकाची हद्द दुसऱ्यात घुसते, पण अंदाजाला एवढं बास. तुमची गाडी बंद पडते कधी, रेस सोडल्यावर. फटाके कधी, रेस सोडल्यावर. म्हणजे बोट पायलटकडे जातंय, आणि मेन १५० चा टाकला तरी तिथं ढिम्म फरक पडणार नाही.

ग्रिपवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, शेजारी स्विचच्या घरावर दुसरा, आणि पेनानं बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा. मग फिरवा गाडी आणि बघा नेमकी कुठल्या खुणेला अडखळते. मेकॅनिकला "पिकअप नाही" सांगण्यापेक्षा "पाव ते अर्ध्यात दम तोडते" असं सांगितलं की अर्धं काम झालं.

पण जेटला हात लावायच्या आधी हवा कुठनं ओढतेय का ते बघा. इंजिनच्या हेडला सायलेन्सरचा बेंड पाइप बसतो तिथं काळी काजळी दिसली तर गॅस्केट गेलंय, तिथनं हवा आत शिरली की रेस सोडल्यावर फटाके फुटणारच, जेट कुठलाही घाला. कार्बोरेटर आणि हेडच्या मधलं पॅकिंग पण बघा, जुन्या गाडीत ते वाळून कडक झालेलं असतं.

ते ठीक निघालं तर गाडी चांगली गरम करून एअर स्क्रू धरा. तुमच्या कार्बोरेटरला तो फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे हवेचा स्क्रू, आत घेतला की मिक्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि बाहेर काढला की लीन. हळूच आत टेकेपर्यंत घ्या, आवळू नका, टोक खराब होतं, मग दीड फेरे बाहेर काढून तिथनं थोडं मागंपुढं करत इंजिन सगळ्यात जास्त आणि एकसारखं कुठं फिरतं ते शोधा. ती जागा अर्ध्या फेऱ्याच्या आतच सापडली तर पायलट लहान पडतोय, २५ असेल तर २७.५ घाला. अडीच-तीन फेरे काढूनही ती पुढंच सरकत असेल तर उलटं, पायलट मोठा आहे. तुमचा प्लग बघता पहिलंच निघेल असं वाटतं.

मग निडल. तिला वर पाच खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप एक खाच खाली नेली की निडल वर उचलली जाते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. इथं जुन्या गाडीचं एक दुखणं आहे, वर्षानुवर्षं निडल घासून निडल जेटचं भोक मोठं, अंडाकृती होतं, मग मधल्या रेसला गाडी पेट्रोल पिते, काळा धूर सोडते आणि मालक बिचारा मेन जेट लहान करत बसतो. तसं झालं असेल तर निडल आणि निडल जेट जोडीनंच बदला.

मेनची पाळी सगळ्यात शेवटी. पहाटे अक्कलकोट रोडला मोकळा पट्टा बघून तिसऱ्या गिअरला फुल रेस द्या आणि मग किंचित मागं घ्या. मागं घेतल्यावर गाडी उलट जास्त ओढायला लागली तर मेन लहान आहे, ९२.५, ९५ असा एकेक पायरीनं वाढवा. फुलला गाडी जड होऊन गुरगुरते आणि प्लग काळा येतो तर मोठा झाला. नंबर बघून घेताना कंपनी बघा, जुन्या अमलच्या जेटचा नंबर आणि केहिनचा नंबर एका मापाचे नाहीत.

उन्हाचं म्हणाल तर मेकॅनिकचं गणित उलटं आहे. तापलेली हवा पातळ असते, तेवढ्याच जागेत हवा कमी येते, म्हणून मे महिन्यात त्याच जेटवर गाडी थोडी रिच चालते आणि गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत लीन. सेटिंग मे मध्ये केलं असेल तर जानेवारीत परत एकदा प्लग बघा. लीन व्हायचं खरं एक कारण पंपावर आहे. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९ च, त्यामुळं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, आणि जेट मात्र जुन्या हिशोबाचा. ऊस आपल्या जिल्ह्याचा, कारखाने आपले, आणि लीन होणारी बुलेट पण आपलीच! अशा वेळी पायलट किंवा मेन एक पायरी वाढवणं चुकीचं नाही.

माझं ऐकाल तर फिल्टरचा डबा परत बसवा. सोलापूरची धूळ आणि तो कोन फिल्टर, दोन्हीचं जमणार नाही, आणि डबा आणि मूळचा सायलेन्सर आला की निम्मी जेटची भानगड आपोआप मिटते. शिवाय आवाजाच्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात ते फोटो पेपरात बघितले असतीलच. अजून एक, सरकारच्या २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची आणि फार फेरफार न केलेली गाडी, तुमची अजून लहान आहे, पण तिथवर न्यायची असेल तर काढलेले पार्ट फेकू नका.

प्रश्न : आरएक्स १०० बरीच वर्षं जिन्याखाली उभी होती. कार्बोरेटर उघडला तर खालच्या पेट्रोल साठायच्या वाटीत पांढरी-हिरवी पावडर. पायलट जेट सेफ्टी पिननं साफ केला. आता चोकवर चालू होते, चोक बंद केला की बंद. जेट नवीन आणू?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : चोकवर चालते आणि चोक काढला की मरते म्हणजे पायलटचा रस्ता अजून बंद आहे, कारण या कार्बोरेटरच्या चोकला पेट्रोलची वेगळी वाट असते. पायलट परत काढा. खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरा, लहान घातला तर पितळ मऊ, खाच उडते आणि मग जेट बाहेर काढताना घाम फुटतो. काढला की उजेडाकडे धरून बघा, मधलं भोक गोल, कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत, आणि अंगाला बाजूनं बारीक भोकं आहेत तीसुद्धा मोकळी हवीत, लोक ती विसरतात. पिन आता लांब ठेवा, स्टीलनं पितळावर ओरखडे पडतात. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, लागलंच तर वायरमधली तांब्याची एक तार घाला आणि पंक्चरवाल्याकडनं हवा मारा. जेटबरोबर कार्बोरेटरच्या आतले पेट्रोलचे रस्तेपण साफ करा, इंजिनच्या बाजूला खाली टाचणीएवढं भोक आहे तिथनं हवा आरपार आली पाहिजे.

पिननं भोक बिघडलं असेल तर नवीन घ्या, पण स्वस्तातल्या किटमधला नको, त्यांच्यावरचा नंबर आणि आतलं भोक जुळेलच असं नाही. आणि गाडी उभी करणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ती पावडर त्यातनंच वाढते.

प्रश्न : येझदी रोडकिंगला मी पेट्रोलमध्ये ऑइल थोडं जास्तच घालतो, म्हणजे रिच राहील आणि सीज होणार नाही, पिस्टन चिकटणार नाही. बरोबर ना?
– एक वाचक, बाळे

उत्तर : नाही हो. जेटमधनं जेवढं पातळ जातं त्यात ऑइलचा वाटा वाढवला की पेट्रोलचा कमी झाला, म्हणजे गाडी लीन झाली. मागनं धूर दिसतो तो ऑइलचा, त्याला रिच समजू नका. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच मापानं घाला आणि मिक्चर जेटनं जुळवा. टू स्ट्रोकला मेन बदलताना सुरुवात कायम मोठ्या जेटनं करा, फुल रेसला गाडी गुरगुरेल, प्लग काळा येईल, मग एकेक पायरी खाली या. लहानातनं वर जायला गेलात तर पुणे हायवेवर पिस्टन चिकटल्यावरच कळेल लहान होता ते.