शब्दशंका : ‘बोर्ड’ म्हणजे फळा, मंडळ की जेवण?

प्रश्न : मुलीने आम्हा दोघांसाठी युरोपातल्या एका हॉटेलात खोली आरक्षित केली आहे. पावतीवर ‘हाफ बोर्ड’ असे छापले आहे. बोर्ड म्हणजे वर्गातला फळा आणि बोर्ड म्हणजे परीक्षा घेणारे मंडळ, एवढेच आम्हांला ठाऊक. मग हा ‘अर्धा बोर्ड’ म्हणजे काय, आणि एकाच शब्दाला इतके निरनिराळे अर्थ कसे आले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पावतीचा अर्थ आधी सांगतो, कारण त्याचा संबंध खर्चाशी आहे. ‘हाफ बोर्ड’ म्हणजे खोलीच्या भाड्यात सकाळची न्याहारी आणि दिवसातले एक जेवण, बहुधा रात्रीचे, धरलेले आहे. ‘फुल बोर्ड’ असते तर न्याहारी आणि दोन्ही वेळची जेवणे त्यात आली असती. जेवणासोबतच्या पेयांचे पैसे पुष्कळ ठिकाणी वेगळे घेतात, तेव्हा तेवढे आधी विचारून घ्यावे.

आता शब्दाकडे वळू. ‘बोर्ड’ हा इंग्रजीतला फार जुना शब्द असून त्याचा मूळ अर्थ लाकडाची फळी असा आहे. पूर्वी जेवणाचे मेज म्हणजे लाकडी घोड्यांवर (सुट्या पायांच्या आधारांवर) आडवी टाकलेली फळीच असे; त्यामुळे फळीचे नाव मेजाला मिळाले आणि मेजाचे नाव त्यावर वाढल्या जाणाऱ्या अन्नाला मिळाले. हा अर्थ आपल्याला अनोळखी वाटतो खरा, पण महामार्गावरच्या कुठल्याही हॉटेलवर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ अशी पाटी असते, तिच्यातले लॉजिंग म्हणजे राहण्याची सोय आणि बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे उभी केली, त्यांनाही लोक बोर्डिंगच म्हणत आले. ‘तो बोर्डिंगात राहून शिकला’ हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी घरांमध्ये मोठ्या आदराने उच्चारले जाते, आणि त्या आदरात दोन वेळच्या हक्काच्या जेवणाचा वाटा फार मोठा आहे.

त्याच मेजाभोवती बसून जे कारभार पाहतात, त्यांनाही पुढे बोर्ड हेच नाव मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी ब्रिटिश संसदेने 1784 मध्ये नेमलेले मंडळ ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ म्हणून ओळखले जाई. पुढे आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत लोकल बोर्डे आली. 1962 मध्ये त्यांची जागा जिल्हा परिषदांनी घेतली, तरी जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘लोकल बोर्डाची शाळा’ पुष्कळ वर्षे टिकून राहिली. वीज मंडळाचे 2005 मध्ये विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी खेड्यात वायरमन आला की ‘बोर्डाचा माणूस आला’ असे अजून ऐकू येते. दहावी-बारावीचे राज्य मंडळ 1965 च्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याच्या परीक्षेमुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. ‘बोर्डात येणे’ म्हणजे गुणवत्ता यादीत झळकणे, हा वाक्प्रचार तर पूर्णपणे आपला आहे. इंग्रजी माणसाला तो समजावूनच सांगावा लागेल.

जहाजाची बाजू हाही या शब्दाचा एक जुना अर्थ आहे. त्यावरून ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजावर, नंतर आगगाडीत किंवा विमानात चढलेला, असा अर्थ रूढ झाला. विमानतळावरचा ‘बोर्डिंग पास’ या कुळातला आहे, त्याचा जेवणाशी काही संबंध नाही. हल्ली कार्यालयांत ‘ते ऑन बोर्ड आहेत का?’ असे विचारतात, तेव्हा त्यांची संमती आहे का, एवढेच विचारायचे असते.

वृत्तपत्रांत दिसणारा ‘अक्रॉस द बोर्ड’ हा प्रयोग अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांतून आला. त्याला मराठीत ‘सरसकट’ हा नेमका शब्द असताना ‘अक्रॉस द बोर्ड पगारवाढ’ असे लिहिण्याचे कारण मला दिसत नाही. ‘अबव्ह बोर्ड’ व्यवहार म्हणजे लपवाछपवी नसलेला, उघड व्यवहार. पत्ते खेळताना हात मेजाच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवण्यावरून तो आला.

इंग्रजीला एका शब्दात जे भागवावे लागते, त्यासाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि ते वापरात राहावेत असे मला मनापासून वाटते. वर्गात फळा, दुकानावर पाटी, कार्यालयात सूचना फलक, बुद्धिबळाचा पट, बँकेचे संचालक मंडळ. बोलताना बोर्ड म्हटले तर त्यात काही वावगे नाही, परंतु अर्ज, ठराव किंवा बातमी लिहिताना यांतला नेमका शब्द निवडावा. कॅरम बोर्ड आणि स्विचबोर्ड मात्र आता मराठीच झाले आहेत. त्यांना प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप करू नये.